रानाला सोडलेली जागा

उंबरधार सोडलं त्या दिवशी आईने पहाटे उठून घर सारवलं. दोन ट्रक खालच्या वळणावर उभे होते, कौलं उतरवून झाली होती, वाशांच्या मोळ्या बांधून झाल्या होत्या, आणि वर छप्पर नसलेल्या घरात आई ओणवी होऊन शेणाचा हात फिरवत होती. अण्णा दारातून म्हणाले, "आगं, कुणासाठी सारवतीस? उद्यापासनं हितं कोण ऱ्हानार?" आई मान वर न करता म्हणाली, "कोन का ऱ्हाईना. घर उष्टं टाकून जाऊ न्हाई."

मी तेव्हा चौथीत होते. आमचं गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे अभयारण्य झालं त्याच्या अगदी मधोमध. गाव उठणार हे ऐकत आम्ही मोठे होत होतो, त्यामुळे ते खरंच उठेल असं कुणालाच वाटत नव्हतं. मग एके दिवशी उठलं. गुरं घेऊन गडीमाणसं पायवाटेनं उतरली, आम्ही बायकापोरं सामानावर बसून ट्रकनं. खाली सपाटीवर सारख्या मापाच्या प्लॉटांची वसाहत होती. तिथे वारा होता, पण तो कशाला अडत नव्हता, म्हणून त्याचा आवाज होत नव्हता. पहिले कितीतरी दिवस आम्हाला त्या शांततेनं झोप येत नसे.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. वसाहतीत राहिलेल्यांना आणि तिथूनही पुढे पुण्या-मुंबईला, आखातात पांगलेल्यांना मी नवीन काय सांगणार? पण इकडे बहारीनमध्ये गेल्या दोन-अडीच वर्षांत माझ्या वाट्याला जे काम आलं, ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या कुणाला त्यातलं निम्मंच कळेल.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा प्रकाश तुबलीच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. अजून आहे. वाळूत पळवायच्या मोठ्या गाड्या आणि चार चाकांच्या बाईक दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. निघताना अण्णा एसटी स्टँडवर आले होते. म्हणाले, "मानसं काय, सगळीकडं बरीच असत्यात. जमीन कशी हाय ती बघ आनि मला सांग." मी पोचल्यावर फोन करून सांगितलं की जमीन पांढुरकी आहे, तिच्यात खडे आहेत आणि झाड दिसत नाही. 

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी नोकरी शोधली. कऱ्हाडला मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, नंतर कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकले होते. मीना सलमान बंदराजवळच्या गोदामांच्या भागात, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर छोटं कन्सल्टन्सी ऑफिस होतं, तिथे लागले. सुरुवातीची वर्षं सांडपाण्याच्या लाइनी आणि पार्किंगचे नकाशे काढण्यात गेली. मग आमच्याकडे बेटाच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या एका राखीव क्षेत्राचं काम आलं. आमची प्रमुख होती रीम, इथलीच, माझ्याच वयाची बहारिनी बाई. तिने टेबलावर उपग्रहाचा मोठा फोटो पसरला आणि म्हणाली, "आपल्याला याचा बॅककंट्री प्लॅन करायचा आहे."

बॅककंट्री हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मनातल्या मनात त्याचं मराठी झालं: आडरान. रस्ता संपतो त्याच्या पलीकडचं. तिथे गाड्या कुठवर जाऊ द्यायच्या, तंबू कुठे ठोकू द्यायचे, पायी कुठे जाता येईल, लाकूड तोडायला आणि शेकोटीला कुठे मनाई, कुणी वाट चुकलं तर शोधायला कुठून शिरायचं, हे सगळं ठरवायचं होतं. आणि नकाशाच्या मधोमध एक तुकडा, जिथे कुणीच जायचं नाही. डोंगर म्हणण्याइतका उंच नसलेला एक कडा आणि त्याच्या पायथ्याची उथळ घळ. हिवाळा सरता सरता तिथे हरणी वितात. गाडीचं चाक एकदा त्या जमिनीवरून गेलं की वरचा पापुद्रा फुटतो आणि खूण वर्षानुवर्षं जात नाही. वरून पाहिलं तर सगळ्या रानावर कुणी नखांनी ओरखडलंय असं दिसायचं.

रीमने बोट फिरवून घळीभोवती गोल दाखवला. "हा कोअर झोन. याच्या आत काही नको."

कोअर झोन. आमच्या चावडीवर साहेब लोक नकाशा घेऊन आले होते तेव्हा हाच शब्द बोलले होते. अख्ख्या गावानं तो शब्द तेव्हाच पाठ केला होता, अर्थ कळायच्या आधी. मी माउस हातात धरला आणि रेषा काढली.  काम होतं, केलं. घरी येऊन प्रकाशला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "बरंय. तू रस्ते बंद कर, मी गाड्या दुरुस्त करतो. घर दोन्हीवर चालतंय." मी हसले. मग भांडी घासताना उगाचच डोळे भरून आले.

रेषेच्या आत, घळीच्या तोंडाशी, फोटोत एक फिकट चौकोन दिसत होता. दर हिवाळ्याच्या फोटोत त्याच जागी. तिथे कुणीतरी तंबू ठोकत होतं. इथे हिवाळ्यात माणसं घरं सोडून वाळवंटात जाऊन राहतात, जनरेटर, टीव्ही, गाद्या सगळं घेऊन. पण ते रस्त्यालगत, एकमेकांना चिकटून. हा एकटाच, इतक्या आत. रीमने मला जागेवर जाऊन पाहून यायला सांगितलं. अरबी बोलायला अन्वरभाई सोबत आले.

अन्वरभाई मूळचे दाभोळकडचे. आमच्या ऑफिसात सरकारी कचेऱ्यांची कामं तेच बघतात. आयुष्य इथे गेलं, तरी गाडी चालवताना समुद्र दिसला की "आमच्या खाडीची चव याला नाय" म्हणणारच. तेलाच्या पाइपांच्या कडेकडेनं आम्ही गेलो, मग पाइपही संपले. घळीच्या तोंडाशी जुना, काळपट तंबू होता. जनरेटर नाही, दिवे नाहीत. बाहेर सतरंजीवर एक म्हातारे गृहस्थ गुडघा शेकत बसले होते. त्यांचं नाव विचारलं तर म्हणाले, बू जासिम. म्हणजे जासिमचा बाप. इथे थोरल्या मुलाच्या नावावरून बापाला हाक मारतात. हमद टाउनमध्ये त्यांचं घर आहे, मुलगा-सून, नातवंडं आहेत. पण थंडी पडली की ते इथे येऊन राहतात. त्यांचे आईवडील बकऱ्या घेऊन याच घळीत यायचे. पाऊस झाला की जमिनीला भेग पडते आणि तिच्याखाली फगा सापडतो, बटाट्यासारखा, जमिनीखाली वाढणारं अळंबंच म्हणा. त्यांची आई तो नुसत्या नजरेनं हुडकायची. हे सांगताना त्यांनी बोटाने जमिनीवर बारीकशी भेग काढून दाखवली.

कहवा झाला, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी; खजूर झाले. मग अन्वरभाईंनी आम्ही कशासाठी आलोय ते सांगितलं. बू जासिमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ही रेषा कुणी काढली?

अन्वरभाई माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "ताई, ऑफिसानं काढली असं सांगतो."

"नको," मी म्हटलं. "मी काढली म्हणून सांगा."

बू जासिम माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. कुणाची कोण ही, असं. मग का कोण जाणे, मी उंबरधारचं सांगायला लागले. असंच रान होतं, म्हणजे असं नव्हतं, हिरवं होतं, पण असंच मधोमध. असाच नकाशा आला. आम्ही उठलो. अन्वरभाई एकेक वाक्य अरबीत करत होते. मध्येच ते थांबून माझ्याकडे बघायचे. त्यांना माझं गाव उठलेलं ठाऊक नव्हतं.

माझं बोलणं संपल्यावर बू जासिमनी एकच प्रश्न केला. अन्वरभाईंनी तो मला सांगितला: "विचारतात, मग जनावरं परत आली का?"

 ट्रकमध्ये बसले त्यानंतर मी पुन्हा कधी वर गेलेच नव्हते. आत जायला परवानगी लागते, एवढं कारण मी स्वतःला देत आले होते. मी म्हटलं, "माहीत नाही." त्यांनी मान हलवली आणि शेगडीतले निखारे सारखे केले.

त्या शुक्रवारी सकाळी मी अण्णांना फोन लावला. आई जाऊन आता काही वर्षं झाली. अण्णा आणि धाकटा सुरेश, दोघंच घरात. सुरेश कामाला गेला होता. मी इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "अण्णा, आपल्या गावात जनावरं आली का हो?"

अण्णा म्हणाले, "आली की."

"तुम्हाला कसं माहीत?"

"देवीच्या जत्रंला सोडत्यात आमाला एक दिवस. आम्ही म्हातारी मानसं जातो. आपल्या घराच्या जोत्यावर गवा बसल्याला दिसला मला. आंगनात न्हवं, आत. चुलीच्या जागंवर. मला बघून उठला बी न्हाई."

 त्यांनीच पुढे सांगितलं, "बरं वाटलं बघ. आनि वाईट बी वाटलं. दोन्ही खरं. आपन उठलो ते फुकट न्हाई गेलं, एवढं कळलं. पर पोरी, एक सांगू? गेलो याचं दुःख आता न्हाई ऱ्हायलं. जायच्या आधी कुनी येऊन जवळ बसून इचारलं न्हाई, की बाबा, तुजं हितं काय काय हाय, कशासाटी तुला परत यावंसं वाटंल. त्येवढं इचारलं असतं तर बरं झालं असतं."

अण्णा इतकी वर्षं हे बोलले नव्हते. मीही विचारलं नव्हतं. वसाहतीतल्या प्रत्येक घरात हे असंच आहे का? तुम्हीच सांगा.

पुढच्या मीटिंगमध्ये मी बोलले. आखातात आपल्यासारख्या माणसांनी मीटिंगमध्ये फारसं बोलायचं नसतं. व्हिसा कंपनीचा असतो आणि टेबलावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. तरी बोलले. म्हटलं, रेषा हलवू नका. घळ बंदच राहू दे. पण जी माणसं आधीपासून तिथे येतात त्यांना विण्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, पायी, थोडा वेळ आत जाऊ द्या. गाडी नाही, तंबू नाही, शेकोटी नाही. सोबत रखवालदार असू दे. आणि हे प्लॅन ठरायच्या आधी त्यांना जाऊन सांगू या.

रीम म्हणाली, "एकाला आत सोडलं की उद्या दहा जण येतील. आणि प्रत्येकाचे आजोबा तिथे राहत होते असं निघेल."

"असतीलही," मी म्हटलं.

तिने चष्मा काढून ठेवला. ती वाईट बाई नाही. त्या हरणांसाठी तिने भल्याभल्यांशी वैर घेतलंय. मग ती म्हणाली, "आणि जो चालू शकत नाही, त्याचं काय? त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं तूच सांगितलंस, वैशाली. तुझा हा नियम त्याच्या काय कामाचा?"

  तरी रीमने माझं म्हणणं टाकून दिलं नाही. ती स्वतः आमच्याबरोबर घळीत आली. मला वाटलं होतं की बू जासिम समजून घेतील, कदाचित मला बरंही म्हणतील. तसं काही झालं नाही. रीमनं बोलायला सुरुवात केल्यावर ते भडकले. गुडघा विसरून उभे राहिले. हात घळीकडे, मग रीमकडे, मग माझ्याकडे. रीम खाली मान घालून ऐकत होती. तिच्या वडिलांच्या वयाचा माणूस, तिला उलट बोलता येईना.

मी हळूच अन्वरभाईंना विचारलं, "काय म्हणताहेत?"

"सगळं सांगण्यासारखं नाय, ताई."

"तरी?"

"म्हणतात, माझी आई इथं मेली असती तर बरं होतं. कबरीला तरी तुम्ही हात लावला नसता."

खूप वेळाने ते खाली बसले. दम लागला होता. मग त्यांनी किटलीकडे हात नेला आणि आम्हा तिघांना कहवा ओतला. इथे पाहुणा रागाचा असला तरी पाहुणाच असतो. रीमने कप घेतला आणि तिथेच बसून संपवला. तिने मला नंतर कधीच सांगितलं नाही की ती काय विचार करत होती, पण अखेर प्लॅनमध्ये घळीच्या पानावर पायी जाण्याची सवलत आली. नकाशावर आजवर कड्याचं फक्त नाव होतं, घळीला नव्हतं. बू जासिमची माणसं तिला ज्या नावानं ओळखतात ते रीमने त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मी नकाशावर टाकलं.

पुढच्या हिवाळ्यात घळीचा गाडीरस्ता मोठे दगड लावून बंद झाला. बू जासिमनी तंबू रेषेच्या बाहेर ठोकला. त्यांनी निरोप पाठवला की आत जायचंय आणि रेषा काढणारी बाईही यावी. मी गेले. प्रकाशही आला. त्यांचा मुलगा जासिम होता, रखवालदार होता, अन्वरभाई तर होतेच. जासिमनं बापाचा दंड धरला होता. वाट सपाट होती, पण त्यांना ती फार लांब झाली. दोनदा बसावं लागलं. पहिल्यांदा बसले तेव्हा अण्णांनी पाहिलेल्या गव्याचं मी त्यांना सांगितलं. दुसऱ्यांदा बसले तेव्हा मला वाटलं, आता परत फिरू म्हणतील. प्रकाशनं स्वतःची पाण्याची बाटली त्यांना दिली. ते प्यायले, तोंडावरून हात फिरवला आणि उठले.

तंबूच्या जागी काहीच उरलं नव्हतं. चुलीचे दगडही वाळूनं झाकले होते. जुन्या चाकोरीत बारीक हिरवी झुडपं उगवली होती, बोटभर उंचीची. आणि त्यांच्यामधून खुरांचे ठसे गेले होते, इतके नाजूक की कुणी चिमटीनं उमटवलेत असं वाटावं. बू जासिम मुलाचा हात सोडून वाकले. जमिनीवरची एक लेंडी उचलली, बोटांत चुरली, ओली आहे का पाहिलं. मग तिथेच बसून राहिले.  घळीत वारा शिरत होता आणि त्याला कड्याची अडकाठी होती, म्हणून त्याला आवाज होता.

उठताना ते एवढंच म्हणाले, "खलास. यल्ला." म्हणजे झालं, चला. परतताना जासिमचा हात त्यांनी घेतला नाही. मला क्षमा केली की नाही, ते मला कळलं नाही. तंबूपाशी आल्यावर मात्र त्यांनी अन्वरभाईंना काहीतरी सांगितलं आणि अन्वरभाईंनी ते मला सांगितलं: "म्हणतात, या मुलीच्या बापाला सांगा. इथंपण जनावरं आली."

यंदा ते आत गेले नाहीत. एकदा बघितलं, पुरे, म्हणाले. तंबू बाहेर आहे आणि नातवंडं सुट्टीला येतात, एवढं ठीक चाललंय. राखीव क्षेत्राचं काम संपलं. मी पुन्हा पार्किंगचे नकाशे काढते. कधीतरी आमचाही व्हिसा संपेल आणि आम्ही इथून निघू, तेव्हा या बेटावर आमची म्हणावी अशी जागा नसेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुबलीच्या खाडीवरून घरी येताना कधी कधी मनात येतं की उंबरधार माझं घर होतं, आता ते गव्याचं आहे आणि ते बरोबर आहे. पण मग माझं कुठलं, हा प्रश्न उरतोच. मुलीला विचारलं तर ती म्हणते, "हिअर, ऑफ कोर्स." तिचं खरं आहे. तिच्यापुरतं.

गेल्या महिन्यात सुरेशचं लग्न ठरलं. वसाहतीतल्या घराला एक खोली वाढवायची आहे. अण्णांचा फोन आला. ते एरवी स्वतःहून फोन करत नाहीत. गवंडी समोर उभा होता, मागे सिमेंट कालवल्याचा आवाज येत होता.

"खिडकी कुटल्या बाजूला ठिवू, सांग," ते म्हणाले. "सुरेश म्हनतोय, आक्काला इचारा, ती नकाशं काढती."

त्या घराचा नकाशा मला पाठ आहे. पश्चिमेला खिडकी ठेवली तर लांबवर सह्याद्रीची निळी रेघ दिसते, जिथे आपलं गाव होतं ती. मी तेच सांगणार होते. जिभेवर आलं होतं. मग म्हटलं, "अण्णा, तुम्हाला कुठल्या बाजूला हवी?"

 सिमेंटचं फावडं थांबलं. 

"मला?" अण्णा म्हणाले.

"हो. तुम्हाला."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "रस्त्याकडं ठिवतो. येनारीजानारी मानसं दिसत्यात."